अवीला भेटून आले

बर्लिन

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

आई, अवीचा हात आता बरा आहे. प्लास्टर निघालं, बोटं नीट हलतात. शेंगदाण्याच्या चटणीची बरणी त्याने माझ्यासमोर स्वतः उघडली, जरा तोंड वाकडं केलं, पण उघडली. तेव्हा तो फोनवर खरं सांगतो की नाही, ही शंका आता सोड.

बाबा, तुम्ही विचारलंत, एकाच देशात राहून भावाकडे जायला इतका उशीर का. अहो, नकाशात बर्लिन-म्युनिक वीतभर दिसतं, पण सरळ रेषेतच ५०० किलोमीटर आहे, रस्त्याने तर पावणेसहाशेच्या वर. विमान सव्वा तासात पोचतं, खरं आहे. पण म्युनिकचा विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर लांब, तिथून लोकलने पाऊण तास. इकडे विमानतळावर आधी जाऊन तपासणीला थांबायचं ते वेगळंच. सगळं धरून चार तास सहज जातात. आणि २०१७ च्या डिसेंबरात एरफुर्टवरून नवा रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून जलद गाडीलाही चारच तास लागतात, पूर्वी सहा लागायचे. म्हणून गाडीनेच गेले, आणि दिवसाउजेडी गेले. रात्रीबेरात्री एकटी फिरत नाही मी.

या गाडीची एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. तिकीट काढलं म्हणजे बसायला जागा मिळते, असं इथे नाही! जागेचे पैसे वेगळे. ते भरले नाहीत तरी गाडीत चढता येतं, कोणी उतरवत नाही. प्रत्येक सीटपाशी एक छोटी पट्टी उजळते, त्यावर जागा कुठून कुठपर्यंत राखीव आहे ते येतं. 'हाले ते न्युरेंबर्ग' असेल तर हालेपर्यंत खुशाल बसावं. ज्याची जागा आहे तो गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत आला नाही, तर त्याचा हक्क संपला. आणि लोक हे अगदी मनापासून पाळतात. माझ्याशेजारची सीट रिकामी होती आणि एक आजोबा तिच्या पाठीला धरून उभे होते. मी म्हटलं, बसा ना, तर त्यांनी पट्टीकडे बोट दाखवलं. घड्याळात वेळ झाली तेव्हाच टेकले. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हे त्यांना कसं समजावणार!

अवीच्या फ्रीजमध्ये भाजी-दूध सगळं होतं. मी दोन दिवसांची आमटी करून ठेवली. निघताना तो स्टेशनवर आला, नको म्हटलं तरी.

बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे सोमवारी पाठवते, एफडी मोडू नका. मला तेव्हा सुट्टी मिळत नाहीये, दोनदा विचारलं. ऑपरेशन छोटंच आहे, काका आहेत, तरी मन इथे लागत नाही. म्युनिकहून मुंबईला सरळ विमान आहे, आठेक तासांचं. दिवाळीला आम्ही दोघं त्यानेच येऊ, तिकिटं बघतेय.

आत्याने सुचवलेल्या मुलाशी बोलले. चांगला वाटला. पण घाई नको, आणि आत्याला इतक्यात होकार कळवू नका. दिवाळीत भेटू दे.

बाबा, थेंब वेळेवर घाला.

तुमची,
मनू