आशाताईंची वाट जामखेडहून येते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलाच्या फाटकावर गेल्या आठवड्यात एक आशाताई भर पावसात पाऊण तास उभ्या होत्या. नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेली, छत्रीची एक काडी निखळलेली. सुरक्षारक्षकाने इंटरकॉमवरून 'कोणी सर्वेवाली आली आहे, सोडू का?' असे घरोघरी विचारले आणि बहुतेक घरांनी 'आम्हाला काही नको' असे सांगून टाकले. त्या काही विकायला नव्हे, तर लहान मुलांच्या लसीकरणाची नोंद घ्यायला आल्या होत्या. माझे माहेर जामखेड तालुक्यातले असल्यामुळे हा प्रकार मला जरा जास्तच लागला, म्हणून हे पत्र.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य १९७० साली जामखेडला आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पुढे अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून आलेले. शहरात त्यांचा दवाखाना उत्तम चालला असता, पण त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका निवडला. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात मुक्कामाला राहायला तयार होईनात, तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी आणि तिला आपण शिकवावे, असे त्यांनी ठरवले. या बायांपैकी अनेक निरक्षर होत्या आणि अनेक दलित वस्तीतल्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, एका पंगतीत जेवत, रात्री शेजारी शेजारी झोपत आणि परतताना बाळंतपण सुखरूप कसे करावे, हगवण लागलेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, हे डोक्यात घेऊन जात. एका पंगतीचे जेवण आज वाचताना साधे वाटेल; त्या गावांत त्या काळी ते औषधपाण्याहून अवघड होते. कूपनलिकांच्या जागा ठरवतानाही आरोळ्यांनी अशीच खुबी केली होती. जमेल तिथे जागा दलित वस्तीत निघेल असे त्यांनी पाहिले, म्हणजे पाणी हवे असेल तर साऱ्या गावाने तिथे यावे.

१९७१ मध्ये या भागात हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती; पुढच्या काही दशकांत हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. काम मात्र चालूच राहिले आहे.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर 'आशा' नेमल्या गेल्या. त्या योजनेमागे एकटे जामखेड नव्हते, छत्तीसगडच्या मितानिन, म्हणजे तिथल्या गावोगावच्या आरोग्यसेविकाही होत्या, हे मान्य. पण गावातलीच बाई गावाची आरोग्यरक्षक होऊ शकते, हे आरोळ्यांनी त्याआधी तीन दशके आपल्या मातीत करून दाखवले होते, आणि तीच कल्पना शहरी आरोग्य अभियानाबरोबर ठाण्यासारख्या शहरांच्या वस्त्यांतही आली. म्हणून माहेरी गेल्यावर जामखेडचे रुग्णालय दिसले तरी मला आरोळ्यांचा वारसा त्या इमारतीत तितकासा जाणवत नाही, जितका दारोदार फिरणाऱ्या या बायांच्या चपलांत जाणवतो.

२०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होत्या, तेव्हा आमच्या याच फाटकावर त्यांना कोणी अडवले नव्हते. उलट 'ताई, आमच्याकडे आधी या' म्हणून फोन जात होते. मीही केला होता. त्यांच्या मोबदल्याचा प्रश्न मोठा आहे, त्यावर आपल्या वृत्तपत्राने स्वतंत्रपणे लिहावे. पण सावलीत बसायला जागा देणे तर आपल्याच हातात आहे.

आमच्या संकुलाच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: ओळखपत्र पाहून आशाताईंना थेट आत सोडावे, आणि रक्षकाच्या खोलीत पंख्याखाली त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवावी. गेल्या आठवड्यातल्या ताईंना मी घरी बोलावून चहा दिला, तेव्हा जामखेडचे नाव काढल्यावर त्या हसल्या. 'आमच्या प्रशिक्षणात सांगतात त्या दोघांबद्दल,' असे म्हणून त्यांनी नोंदवहीचे ओले झालेले पान पंख्याकडे धरले.

आपली,
एक नियमित वाचक
ठाणे (पश्चिम)