नागपूर-मुंबई विमानप्रवासाला लागणारा खरा वेळ

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपूरहून मुंबईला विमानाने तासाभरात पोहोचता येते, असे प्रवासाच्या जाहिरातींत आणि अंतर-वेळेच्या तक्त्यांत सर्रास छापलेले असते. त्या आकड्यावर विसंबून मंत्रालयातील सुनावणीला किंवा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात तपासणीला निघालेल्या विदर्भातील माणसाची त्यामुळे फार ओढाताण होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे. ताशी 800 किलोमीटर वेग धरला, तर उत्तर 51 मिनिटे येते. हा भागाकार चुकीचा नाही, मात्र विमान चढताना आणि उतरताना तो वेग नसतो आणि ठरवून दिलेल्या हवाई मार्गांमुळे सरळ रेषेपेक्षा अधिक अंतर कापावे लागते, या गोष्टी त्यात धरलेल्याच नसतात. त्यातून मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या असल्याने त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी आलेल्या विमानाला आकाशातच घिरट्या घालत थांबावे लागते. म्हणूनच विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात याच प्रवासाला साधारण दीड तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ दाखवतात. विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत उभे राहीपर्यंतचा तो वेळ असतो.

वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, त्यामुळे मुंबईकडे जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. ताशी 100 किलोमीटरचा वारा धरला, तर हेच अंतर जाताना सुमारे 58 मिनिटांचे आणि येताना 45 मिनिटांचे होते. एकच आकडा दोन्ही दिशांना लावणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

विमानाबाहेरचा वेळ याहून मोठा असतो. देशांतर्गत उड्डाणांसाठी सामान घेण्याचे काउंटर सहसा तासभर आधी बंद होतात, म्हणजे घरून त्याच्याही बरेच आधी निघावे लागते. यवतमाळ किंवा गडचिरोलीहून येणाऱ्यांना आधी नागपूर गाठायचे असते, ते वेगळेच. उतरल्यावर सामानाची वाट आणि मुंबईतील रस्ता आहेच. समृद्धी महामार्गाने 701 किलोमीटरला आठ तास लागतात, असे सांगितले जाते. विमानाची त्याच्याशी तुलना करायची, तर दारापासून दारापर्यंतच्या वेळेचीच केली पाहिजे.

चारही महानगरे नागपूरपासून हजार किलोमीटरच्या आत असल्यानेच 1949 साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येऊन टपालाची अदलाबदल करीत. हवाई अंतराचे महत्त्व ज्या शहराला इतके जुने ठाऊक आहे, तेथील वृत्तपत्राने या बाबतीत अचूकतेचा आग्रह धरावा, असे मला मनापासून वाटते.

आपण प्रवासविषयक मजकूर किंवा विमानांचे वेळापत्रक छापाल, तेव्हा हवाई अंतर, वेळापत्रकातील वेळ आणि विमानतळावर किती आधी पोहोचावे, हे तिन्ही स्वतंत्रपणे द्यावे. तसेच जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा दाखवावा, ही विनंती.

आपला विनम्र,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर