तलफ ओसरेपर्यंत

प्रिय लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू एकदम चिडलीस, फोन ठेवून दिलास आणि रात्री उशिरा ‘बाबा, मला काय होतंय तेच कळत नाही’ एवढाच निरोप पाठवलास. जे होते आहे ते तुला नीट कळावे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. तुझ्या स्वभावात काहीही बिघडलेले नाही. सिगारेट सोडल्याचा तो तिसरा दिवस होता, आणि हा त्रास साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असतो.

झुरका घेतल्यावर निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथील विशिष्ट ग्राहकांना (पेशींवरच्या रिसेप्टरांना) चिकटून डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे द्रव्य स्रवायला लावते. हे वर्षानुवर्षे चालू राहिले की मेंदू त्या ग्राहकांची संख्या वाढवून ठेवतो. मग रक्तातले निकोटिन उतरू लागले, जे सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, की ते सारे ग्राहक रिकामे पडतात आणि जीव कासावीस होतो. सिगारेटने तुझा ताण हलका होत असे असे तू नेहमी सांगायचीस, पण त्यातला बराचसा ताण आधीच्या सिगारेटचा अंमल उतरल्यामुळेच आलेला असायचा. ग्राहकांची ही वाढलेली संख्या ६ ते १२ आठवड्यांत पूर्वपदावर येते. चिडचिड, झोपमोड, कशातच लक्ष न लागणे, सतत भूक, उदासपणा, कधी तोंड येणे, कधी बद्धकोष्ठता हा बाकीचा त्रास बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. काही दिवस खोकला वाढला तरी घाबरू नकोस. धुराने मंदावलेली श्वासनलिकेची सफाई पुन्हा सुरू झाल्याचे ते लक्षण असू शकते. लांबलाच तर मात्र तपासून घे.

एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही आणि तुझ्या बाबतीत ती महत्त्वाची आहे, कारण तुझी कॉफी मला ठाऊक आहे. धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्याने करत असते. धूर थांबला की तो वेग मंदावतो, आणि पूर्वीइतकीच कॉफी प्यायली तरी रक्तातले कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. मग हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते आणि माणसाला वाटते की हे सारे सिगारेट सोडल्यामुळेच होते आहे. तेव्हा कॉफी निम्म्यावर आण आणि दुपारनंतर घेऊच नकोस. काही औषधांचेही असेच होते, म्हणून नियमित घेतेस त्या गोळ्यांची नावे डॉक्टरांना सांगून ठेव.

आता तलफेविषयी. ती आली की आता ही वाढतच जाणार असे वाटते, पण ती काही मिनिटांतच चढते आणि उतरते, सिगारेट ओढली तरी आणि न ओढली तरी. तेवढी मिनिटे काढायची, बस्स. तिच्याशी वाद घालत एका जागी बसू नकोस. उठून भरभर चाल, थंड पाणी घोटाघोटाने पी, मला फोन कर. थोडेसे चालण्यानेही तलफेचा जोर कमी होतो. जेवण झाल्याबरोबर तुझे पाय आपोआप बाल्कनीकडे वळतात आणि हात खिशात लायटर चाचपतो, ती निकोटिनची मागणी कमी आणि जागेची व वेळेची सवय जास्त आहे. जेवल्यावर लगेच ताटे उचल, दात घास, दुसऱ्या खोलीत जा. अशी अवचित तलफ काही महिन्यांनीही एखाद्या जुन्या मित्रमंडळीत येईल. तेव्हा आपण पुन्हा पहिल्या पायरीवर आलो असे समजू नकोस.

औषध घेणे म्हणजे मनाचा कमकुवतपणा, हे तुझे म्हणणे मला अजिबात मान्य नाही. त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या आणि निकोटिनचे च्युइंगम २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये धुरात असतात. पट्टीतून फक्त निकोटिन मिळते, तेही सावकाश आणि हळूहळू कमी करत जाता येईल असे. दिवसभर पट्टी आणि तलफेपुरते च्युइंगम ही जोडी एकट्या उपायापेक्षा अधिक उपयोगी पडते. तू उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट ओढत होतीस, म्हणून तुला २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचे च्युइंगम लागेल असे मला वाटते. पण ते डॉक्टरांनाच ठरवू दे. ते साध्या च्युइंगमसारखे सतत चघळू नकोस. तिखट चव येऊन झिणझिण्या जाणवेपर्यंत चाव, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेव, चव गेली की पुन्हा चाव. असे सुमारे अर्धा तास. भराभर चावलेस तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाऊन उचक्या आणि जळजळ होते. त्याच्या आधी पाव तास आणि ते तोंडात असताना कॉफी किंवा आंबट पेय नको, नाहीतर ते नीट शोषलेच जात नाही.

वजन थोडे वाढेल. वाढू दे, ते नंतर पाहू.

एखादी सिगारेट ओढली गेलीच, तर उरलेले पाकीट त्याच क्षणी टाकून दे आणि मला सांग. मी रागावणार नाही. ‘आता मोडलेच आहे तर आजचा दिवस जाऊ दे’ हा विचार त्या एका सिगारेटपेक्षा जास्त घातक आहे. उदासपणा मात्र दोन आठवड्यांनंतरही हटला नाही, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर क्षणभरही थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तुझ्याबरोबर मी येईन.

डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घे. व्हॅरेनिक्लिन या गोळीविषयीही त्यांना विचार. तिचा क्रम सहसा १२ आठवड्यांचा असतो आणि तिने तलफ कमी होते. आणि रात्री कितीही वाजले असले तरी फोन कर, चिडून बोललीस तरी चालेल.

तुझे,
बाबा