ब्रेकची हवा उतरली तर गाडी काढू नका

संपादक साहेब, नमस्कार. वणीकडं कोळशाच्या गाड्यायवरची पोरं सकाळी ब्रेकच्या हवेचं प्रेशर उतरलेलं दिसलं की रेस देऊन भरतात अन् निघतात, हे लय वाईट हाय. आधी चाकायले दगड लावा, प्रेशर फुल भरून इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा, मंग एकानं पॅडल दाबून धराचं अन् दुसऱ्यानं खाली ऐकाचं. दाबल्यावरच फुसफुस येत असन तर बहुतेक बूस्टरचं (चाकाजवळचा, हवेनं ब्रेक लावणारा डबा) डायफ्रॅम, म्हंजे आतला रबरी पडदा, गेलं, न दाबताही येत असन तर पाइप, जोड, हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक (पाणी काढाची तोटी) पाहा, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. मागचा स्प्रिंगवाला बूस्टर मात्र घरी खोलू नका, स्प्रिंग सुटली तर जीव जाते. अन् टाकीतलं पाणी रोज काढा बाप्पा!

– एक ट्रक ड्रायव्हर, ता. वणी, जि. यवतमाळ