थर्मासमध्ये पाणी ठेवा, दूध नाही: आमच्या सिस्टरना पत्र

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला आवडणार नाही, तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. घरी येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "चल गं, काहीतरीच" म्हणता आणि हातावर डिंकाचा लाडू ठेवता. शिवाय आपल्या कोथरूडमध्येच आणखी एखादी आई आत्ता अपरात्री बाळाच्या दुधाच्या पावडरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचत उभी असेल. तिच्याही कामी येईल.

जुळी मुलं, दोघांचंही वजन कमी, आणि माझं दूध दोघांना पुरेना. डॉक्टरांनी वरून फॉर्म्युला, म्हणजे पावडरचं दूध, द्यायला सांगितलं. आईचं दूध सर्वोत्तम, ही ओळ १९९२ च्या कायद्यानुसार प्रत्येक डब्यावर छापावीच लागते. खरीच आहे ती, पण तेव्हा ती वाचली की मला रडू फुटायचं. बघायला येणारी प्रत्येक बाई अळीव आणि शतावरीचा सल्ला देऊन जायची. तुम्ही मात्र, नवजात शिशूंच्या वॉर्डात उभी नोकरी काढलेल्या, एवढंच विचारलंत, "रात्री उठतं कोण?" आणि सरळ ओट्याशी गेलात.

संध्याकाळीच सगळं दूध करून थर्मासमध्ये भरून ठेवावं, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. "थर्मासमध्ये पाणी ठेवा हो, दूध नाही," तुम्ही म्हणालात. "विरजण लावायला दूध कोमट का घेता? नको त्या जंतूंनाही तेच लागतं." सासूबाईंना यापुढे काही समजवावं लागलं नाही. नंतर नणंदेला त्याच हे ठासून सांगत होत्या.

सीलबंद डब्यातली पावडरसुद्धा निर्जंतुक नसते, हे आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात. मोठ्या बाळाला एरवी फारसं काही होणार नाही, पण दोन महिन्यांच्या आतल्या किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळात क्रोनोबॅक्टर रक्तापर्यंत, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. म्हणून पाणी किमान ७० अंश सेल्सिअस हवं. आमच्या डब्यावर तर कोमट पाणी लिहिलं होतं. तुम्ही जागतिक आरोग्य संघटनेची २००७ ची सूचना दाखवलीत आणि वर म्हणालात, "माझं ऐकू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा." विचारलं. या दोघांसाठी गरमच घ्या, म्हणाले. तेव्हापासून लिटरभर पाणी खळखळून उकळायचं, झाकायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. आरओचं असलं तरी उकळायचंच. आधी पाणी मोजायचं, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट चमचे. वजन वाढावं म्हणून अर्धा चमचा जास्त, हे तर अजिबात नाही.

दर वेळी ताजं करणं सगळ्यात चांगलं, हे तुम्ही आधीच सांगितलंत. पण जुळ्यांच्या घरात रात्री ते जमत नाही, हेही तुम्ही मान्य केलंत, आणि मला वाटतं खरी मदत तिथेच झाली. नुसतं "करू नका" म्हणणारे पुष्कळ भेटले होते.

तुमचं ते मोठं पातेलं आठवतं. गार पाणी, त्यात बर्फ, आणि बुचं लावलेल्या बाटल्या मानेपर्यंत बुडवून उभ्या, पाणी बुचाला लागणार नाही अशा. एका मोठ्या भांड्यात सगळं दूध केलं तर मधलं दूध कितीतरी वेळ कोमटच राहतं, म्हणून एका वेळेची एक बाटली. बाटली हाताला गार लागली की पुसून फ्रिजमध्ये मागे, दारातल्या कप्प्यात नाही. फ्रिज ५ अंशांच्या आत आणि दूध फार तर २४ तास. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने केल्याची वेळ. माझ्या मते या सगळ्यात हुशारीची गोष्ट ती चिकटपट्टीच. पहाटे तीनला "हे कधीचं?" यावर नवरा-बायकोचं भांडण होऊ शकतं, याची कल्पना बाळ नसलेल्यांना यायची नाही.

गरम करायला बाटली गरम पाण्यात उभी करायची, तीही पंधरा मिनिटांच्या वर नाही. मायक्रोवेव्हमध्ये दूध कुठे कोमट, कुठे चटका बसेल असं तापतं, म्हणून तो बाद. मनगटावर थेंब टाकून बघायचा. बाळाने अर्धवट सोडलेलं परत ठेवायचं नाही, कारण त्यात लाळ गेलेली असते. एवढं महागाचं दूध ओतताना जीव तुटतो. आमच्याकडे ते कढीपत्त्याच्या कुंडीत जातं.

एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली ती संध्याकाळीच आली. तेव्हा फ्रिजमधल्या बाटल्यांवर विसंबलो नाही. थर्मासमध्ये कडकडीत पाणी होतं, त्यात ताजं दूध केलं. लसीकरणाला जातानाही तसंच, पाणी वेगळं आणि उकळून कोरड्या केलेल्या डबीत मोजलेली पावडर वेगळी. दिवसा शक्यतो वाटी-चमचा, कारण बाटलीपेक्षा तो घासायला सोपा, हाही तुमचाच आग्रह. बोंडलं मात्र माझ्या हाताला जमलं नाही, ते सासूबाईंनीच वापरावं.

पुढच्या महिन्यात दोघांचं उष्टावण आहे. पहिला घास मामाचा, दुसरा तुमचा, असं सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलंय. नाही म्हणू नका. लाडू आणायचा नाही, या वेळी आम्ही करतोय.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची, जुळ्यांची आई