चालता पीसी भंगारात का?

विंडोज १० बंद झालं, आता नवा लॅपटॉप घ्या, असा सल्ला देणारा लेख वाचला, पण पटला नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा पीसी बघा, कीबोर्डवरची अक्षरं पुसली गेलीत तरी दिवसभर प्रिंट काढतोय, पण प्रोसेसर इंटेलचा सातव्या जनरेशनचा, म्हणजे विंडोज ११ ज्यांवर चालतं त्या प्रोसेसरच्या यादीत बसत नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे फुकट सुरक्षा अपडेट थांबवले, वर्षभर मुदतवाढ हवी तर ३० डॉलर भरा नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवा, आणि युरोपात मात्र ग्राहक संघटना मागे लागल्यावर ह्या अटी गेल्या, फक्त मायक्रोसॉफ्टचं अकाउंट असलं की झालं. म्हणजे जमतं की! मग आपल्या ग्राहक संघटना गप्प का?

– एक वाचक, ठाणे