खोक्यावर पायाची रुंदीही छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’नं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आपल्याकडे केवढं रान उठलं. २०१९मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, कारागिरांचा हक्क, तिथली किंमत आणि इथली किंमत, सगळ्यावर बोलून झालं. बोलायलाच हवं होतं. पण चप्पल ज्या पायात जाते त्या पायाबद्दल कुणी चकार शब्द काढल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. म्हणून हे पत्र.

मी एसटीत वाहक आहे, तासगाव भागात. आमची नोकरी उभ्यानं करायची. सीटच्या कडेला मांडी टेकवून तोल सांभाळायचा, एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात सुटे पैसे. आणि माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्याशेजारचं हाड बाहेर आलंय, डाव्याचं जास्त. आमच्याकडं ‘हाड वाढलंय’ म्हणतात, डॉक्टर बनियन म्हणतात. मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी मला उभं करून एक्स-रे काढला आणि समजावून सांगितलं. नवीन हाड आलेलं नाही. पंजातलं अंगठ्यामागचं लांब हाड एका बाजूला सरकलंय, अंगठा उलट्या बाजूला, शेजारच्या बोटांकडं कललाय, आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर निघालाय. बूट नेमका तिथंच घासतो. कातडी लाल होते, सूज येते, दुसरं बोट अंगठ्यावर चढायला बघतं आणि दोन्हींच्या बेचक्यात कुरूप होतं ते वेगळंच.

ऑपरेशन असतं. हाड कापून जागेवर आणतात, पुढं काही आठवडे खास बूट घालून वावरायचं, सूज पूर्ण उतरायला काही महिने. डॉक्टर म्हणाले, “दुखणं सोसेनासं झालं तर करू, पाय छान दिसावा म्हणून करू नका. आधी बूट बदला.” रात्री बांधायचे पट्टे आणि बोटांमध्ये घालायचे सिलिकॉनचे तुकडे यांनी दुखणं जरा हलकं होतं, पण हाड मागं जात नाही, जाहिरातीत काहीही दाखवोत. मग त्यांनी औषधाच्या कागदावर लिहून दिलं: पुढून रुंद, टाच कमी, वरचं कातडं मऊ, सांध्यावर शिवण नको. या चार ओळींसाठी त्यांनी फी घेतली नाही. त्या चार ओळींतलं बाजारात काय मिळतं ते त्यांना ठाऊक असावं.

सांगलीत मारुती रोडपासून गणपती पेठेपर्यंत मी तो कागद घेऊन हिंडले. ‘पुढून रुंद दाखवा’ म्हटलं की दुकानातला पोरगा आधी माझ्या पायाकडं बघतो, मग मालकाकडं. मालकाचं उत्तर ठरलेलं: “ताई, एक नंबर मोठा घ्या, चालून चालून सैल होतोय.” आता हे नंबर आपल्याकडं इंग्लंडच्या पद्धतीचे. एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंचानं वाढते, रुंदी त्या मानानं किरकोळ. म्हणजे सांधा दाबला जातोच, वर टाच मागून निसटते. बूट वाकतो एका जागी, पाय वाकतो दुसऱ्या जागी. बसच्या पायरीला पुढचं रिकामं टोक अडकून कंडक्टरच उताणी पडली, तर प्रवाशांची करमणूक होईल, माझं काय होईल? आणि सैल होतं ते खरं चामडं. हल्ली दुकानात बायकांचे म्हणून जे मांडलेले असतात ते बहुतेक रेक्झिनचे. ते ताणत नाहीत, तडकतात. स्टँडासमोर बसणारे मामा लाकडी फर्मा घालून रात्रभर बूट ताणून ठेवतात, पण त्यांनीही माझा जोड हातात घेऊन परत दिला. “ह्यात जीवच न्हाई, ताई. फर्मा घातला की फाटंल.”

सँडल घाला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा बाजारच्या दिवशी आमच्या गाडीत उभं राहून बघावं. मार्च २०२३मध्ये महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून बायकांची गर्दी वाढली. त्याचा मला आनंद आहे, कितीतरी जणी त्यामुळंच घराबाहेर पडल्या. पण त्या गर्दीत उघड्या पायावर कुणाची तरी टाच, पिशवी नाहीतर तेलाचा डबा पडणारच. मला बंद बूट लागतात.

शेवटी सापडले ते मुलांच्या शाळेच्या बुटांत. पुढून गोल, टाच सपाट, नाडीचे, काळे, खाकीवर शोभणारे. माझा नंबर पाच. पुरुषांचे बूट बायकांच्या बुटांपेक्षा रुंद असतात, पण आपल्याकडं दुकानात ते सहा नंबरापासून सुरू होतात. त्याखाली उरतात शाळकरी पोरं. नाडी ओवताना पहिली भोकं मी सोडून देते, म्हणजे सांध्यावर ताण येत नाही. अडचण एकच, हे बूट जूनचं पीक आहे. शाळा सुरू व्हायच्या वेळी दारापासून माडीपर्यंत खोकी रचलेली असतात आणि दिवाळीनंतर विचारलं तर ‘आता पुढच्या जूनला या’. दुकानदार दरवेळी विचारतो, “मुलगा कितवीला हाय?” मला मुलगीच आहे आणि ती कॉलेजला आहे, हे सांगायचं मी सोडून दिलंय.

उभ्यानं काम करणाऱ्या माणसाची नजर खालीच जाते, त्यामुळं दिवसभर मला पाय दिसतात. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका सीटवर बसल्या की पहिल्यांदा चपला काढून पाय वर घेतात. टाचा भेगाळलेल्या, पंजे पसरट, पण कितीतरी जणींचा अंगठा नाकासमोर सरळ. त्यांच्याच नाती सांगलीला कॉलेजात, नाहीतर कपड्यांच्या दुकानात कामाला जातात. त्यांच्या पायात निमुळत्या टोकाच्या बेल्या, आणि संध्याकाळच्या गाडीला त्या बेल्या काढून हातात धरलेल्या. दुकानात दिवसभर उभं राहायचं, वर मालकाला पाय ‘नीट’ दिसायला हवेत. सगळा दोष बुटाचा, असं मी म्हणत नाही. माझी आई जन्मभर शेतात अनवाणी राबली, तिचंही हाड असंच होतं. घराण्यातून पायाची ठेवण येते, हे डॉक्टरांनीही सांगितलं. पण निमुळता बूट त्यात भर घालतो. केंब्रिजच्या संशोधकांनी जमिनीतून निघालेल्या जुन्या सांगाड्यांचे पाय तपासले आणि २०२१मध्ये ते छापून आलं. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत १०० पैकी ६ जणांना हा त्रास. चौदाव्या-पंधराव्या शतकात तिकडं टोकदार बुटांची फॅशन आली आणि आकडा २७ वर गेला. त्यात पैसेवाले जास्त होते, आणि मठातले साधूही!

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत मात्र मला कुणी मोठा नंबर घ्यायला सांगितलं नाही. कारागिरानं जमिनीवर कागद टाकला, “उभ्या ऱ्हावा” म्हणाले, पेन्सिल सरळ धरून आधी डाव्या पायाभोवती फिरवली आणि मग उजव्या. सांध्याच्या जागी बोटानं दाबून “हितं दुखतंय न्हवं?” असं विचारून तिथं फुली मारली. वरचा पट्टा त्यांनी जरा मागं घेतला, अंगठ्याचं कडं सैल ठेवलं. दोन पाय सारखे नसतात हे त्यांना सांगावं लागलं नाही. लग्नकार्याला मी तीच घालते. घरात एमसीआरची मऊ चप्पल असते, कुष्ठरुग्णांच्या पायांना जपण्यासाठी जे रबर आपल्याकडं वापरात आलं त्याची. म्हणजे रुंद पायाची जाण या देशात नाही असं कुणी म्हणू नये. काचेच्या दुकानात मात्र ती पोहोचलेली नाही.

आणि सरकारलाही हे माहीत आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी जाऊन १ लाख १ हजार ८८० लोकांचे पाय मोजले. बाया, बापे, पोरं, सगळ्यांचे. निघालं काय, तर भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेच्या मानानं रुंद आहेत आणि आपण अरुंद पायांच्या साच्यातले बूट घालतो. त्यावरून भारताचा ‘भ’ या नावानं आपली स्वतंत्र मापं सुचवली गेली. २०२४मध्ये ही बातमी वाचून मी कात्रण काढून ठेवलं. दुकानात ‘भ’ छापलेलं खोकं मला अजून दिसलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की, ‘भ’ येईल तेव्हा येऊ दे, पण रुंदी आजपासून छापा. खोक्यावर किंमत असते, तारीख असते, लांबीचा नंबर असतो. अमेरिकेत बायकांच्या बुटाची नेहमीची रुंदी ‘बी’, त्याहून रुंद ‘डी’, आणि पुरुषांची नेहमीचीच ‘डी’, असं अक्षर देण्याची पद्धत आहे. आमच्याकडं अक्षर नको, सेंटिमीटर लिहा, ते शाळेत शिकवलेलं असतं. कारखानदाराला तो आकडा माहीत असतोच, फर्मा त्या मापाशिवाय बनत नाही. २०२४पासून बऱ्याच पादत्राणांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, मग एका आकड्याची सक्ती करायला काय हरकत आहे?

दुसरं करांचं. माझ्या पुण्यातल्या भाच्यानं इंटरनेटवर शोधून ‘वाइड’ लिहिलेले परदेशी कंपन्यांचे स्पोर्ट्स शूज मला दाखवले. किमती बघून मी मोबाईल त्याला परत दिला. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८. रुंद म्हणून मिळणारे बूट बहुतेक त्या रेषेपलीकडंच. ज्याचा पाय बसत नाही त्यानं हौशी माणसाएवढा कर भरायचा, हा हिशोब वाहकाच्या डोक्यात बसत नाही. आणि आम्ही हिशोबात चुकलो तर ते पैसे खिशातून भरावे लागतात.

तोवर माझ्यासारख्या बायकांनी बूट घ्यायला संध्याकाळी जावं, तेव्हा पाय फुगलेले असतात. घरातल्या कुणाकडून तरी, उभं राहून, कागदावर दोन्ही पायांची आखणी करून घ्यावी, ती कात्रीनं कापावी आणि दुकानात बुटाच्या आत सरकवून बघावी. कागद कडेला दुमडला की तो जोड घालूनसुद्धा बघायचा नाही. किंवा आतला सोल काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर उभं राहावं. पाय बाहेर सांडला की कळतंच. दुकानदार नाराज होईल, होऊ दे. मोठ्या पायाचं माप धरा, दोन पायांत फरक असतोच.

आणि दुकानदार भावांना विनंती, मुलांच्या शाळेच्या बुटांचे चार आणि पाच नंबरचे थोडे जोड दिवाळीनंतरही ठेवत जा. मुलगा कितवीला आहे ते विचारलंत तरी चालेल.

आपली,
एक एसटी वाहक,
तासगाव, जि. सांगली